करवतीची कुळकथा



गेल्या फाल्गुनात मी केशोरीस होतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, रानाच्या कुशीत वसलेले हे गाव तिखट मिरचीसाठी नावाजलेले आहे, आणि त्या दिवसांत अंगणोअंगणी लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात. ज्या घरी मी उतरलो होतो त्या यजमानांनी ओसरीचा एक भाग अडवून मुलांच्या अभ्यासाकरिता खोली काढण्याचे योजिले होते. पूर्वीचे दिवस असते तर बांबूचा कूड घालून त्यावर माती लिंपली असती आणि काम झाले असते. या वेळी मात्र शहरातून एक तरुण कारागीर आला. त्याने पत्र्याच्या पातळ पट्ट्यांची चौकट उभी केली, तिच्यावर जिप्समचे पांढरे तक्ते स्क्रूंनी आवळले, आणि दोन दिवसांत भिंत तयार झाली.

गावातील एक वृद्ध वाढई हे काम पाहत पायरीवर बसून होते. सुतारास आमच्या झाडीपट्टीत वाढई म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांकरिता सांगून ठेवतो. या शब्दाकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे. विजेच्या खटक्यांची पेटी बसविण्याची वेळ आली तेव्हा त्या तरुणाने तक्त्यावर पेन्सिलीने चौकोन आखला आणि पिशवीतून वीतभर लांबीची एक करवत काढली. अशी करवत म्हातारबुवांनी पूर्वी पाहिली नव्हती. पाते निमुळते होत जाऊन टोकास भाल्यासारखे अणकुचीदार झालेले, आणि मूठ कट्यारीच्या मुठीसारखी पात्याच्या रेषेत सरळ. तरुणाने टोक रेषेवर टेकविले, मुठीच्या बुडावर तळहाताचा एक ठोसा दिला, आणि पाते भिंतीत शिरले. गिरमिटाने आधी भोक पाडण्याचे कारणच नाही. चार-पाच हेलकावे एका बाजूस, तितकेच दुसऱ्या बाजूस, आणि चौकोनी तुकडा अलगद हातात आला.

म्हातारबुवांनी ती करवत मागून घेतली, अंगठ्याने तिचे दाते चाचपले, आणि विचारले, "हिले कानस कधी लावतेस गा?"

तरुण हसला. "मामाजी, हिले कानस नाही लागत. बोथी झाली का फेकून द्याची."

म्हातारबुवा काही बोलले नाहीत. पण ते उत्तर माझ्या मनातून जाईना. करवत हे मनुष्याच्या अतिप्राचीन हत्यारांपैकी एक, आणि कानस तिची सख्खी बहीण. या दोघींची ताटातूट केव्हा व कशी झाली, हे शोधता शोधता मी बराच मागे गेलो. ती हकीकत आज आपणांस सांगतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' यापासून आला. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान. हातात धरावयाचे, पानासारखे पातळ पाते. पात्यास आपण 'पाते' म्हणतो तेही त्याच पानाचे रूप. सुश्रुतसंहितेत शल्यक्रियेच्या वीस शस्त्रांची जी गणना आहे, तीत मंडलाग्राच्या लगत करपत्र आहे. त्या ग्रंथातील एक बारकावा मला फार आवडतो. शस्त्राचे आठ दोष सांगताना सुश्रुताने वाकडेपणा, बोथटपणा, मोडकेपणा यांच्या पंक्तीस धारेचा खरखरीतपणाही बसविला आहे. परंतु लागलीच त्याने करवतीस या दोषातून वगळले, कारण हाड कापण्यासाठी तिला खरखरीत धारच हवी. बाकीच्या शस्त्रांचा जो दोष तोच हिचा गुण. करवतीची याहून नेमकी व्याख्या मला कोठे आढळलेली नाही.

आता वाढई. हा शब्द संस्कृत 'वर्धकि' याचा वंशज आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कार्ल्याची लेणी लागतात. तेथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असून छताच्या कमानीखाली बसविलेल्या लाकडी फासळ्या आजही जागच्या जागी आहेत. त्या लेण्यातील एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नामक कारागिराचे नाव कोरलेले आहे. हा वेणुवासाचा पुत्र, आणि लेण्याचे द्वार हे त्याचे काम. त्याचा धंदा तेथे 'वढकी' असा सांगितला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राजांच्या व श्रेष्ठींच्या मेळ्यात एका सुताराने आपले नाव दगडावर ठेविले, आणि त्याच्या धंद्याचे नाव त्या भागातून बहुतेक लोपले असता महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील झाडीत ते अजून चुलीपाशी बोलले जाते. शाळेत मुलांना तत्सम-तद्भव शिकविताना मी सदैव हे उदाहरण देत असे, आणि पाठीमागच्या बाकांवरील वाढयांची मुले एकाएकी ताठ बसत.

शब्द दोन-अडीच हजार वर्षांचे, पण वस्तू त्याहून जुनी. ग्रीक लोकांत अशी कथा आहे की, डीडॅलस या महान शिल्पकाराच्या भाच्याने सापाचा जबडा पाहून पहिली करवत घडविली, आणि मामास त्याचा इतका मत्सर वाटला की त्याने पोरास कड्यावरून ढकलून दिले. कथा कथेच्या ठिकाणी. खरा इतिहास तांब्यापासून सुरू होतो. मिसर देशात पिरॅमिडांच्या काळी तांब्याच्या करवती होत्या. त्यांच्या थडग्यांतील चित्रांत सुतार दिसतो तो असा: लाकूड खांबास उभे बांधलेले आणि करवत वरून खाली, आपल्याकडे ओढलेली. तांबे मऊ असते. ते पुढे ढकलले तर पाते दुमडेल. ओढले तर ताणले जाऊन सरळ राहील. ही एवढीशी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हिच्यावरच पूर्व आणि पश्चिम यांचा हात वेगळा झाला.

करवतीपुढे दुसरी एक अडचण असते. पाते लाकडात जसजसे खोल जाते तसतशी कापलेली चीर त्यास दोन्ही अंगांनी आवळू लागते. भुसा बाहेर पडत नाही आणि पाते अडकून बसते. यावरील उपाय म्हणजे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे थोडे कलते करणे. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीहून रुंद पडते आणि पाते मोकळे चालते. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात या युक्तीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ओले लाकूड दात्यांच्या फटी बुजवून टाकते म्हणून दाते आळीपाळीने वाकवितात, असे तो सांगतो. परंतु १९२७ ते १९३१ या काळात मोहेंजोदारो येथे उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांना तेथील ब्राँझच्या करवतीत नागमोडी कललेले दाते आढळले, आणि रोमनांपूर्वी अन्यत्र अशी करवत ज्ञात नाही असा अभिप्राय त्यांनी दिला. म्हणजे ज्या युक्तीचे श्रेय आपण रोमन लोकांस देतो ती सिंधूकाठच्या सुतारास दोन हजार वर्षे आधी साधली होती. त्या सुताराचे नाव मात्र सामीसारखे दगडावर राहिले नाही.

आमच्या विदर्भात लोखंड फार लवकर आले. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे, आणि माहुरझरीसारख्या ठिकाणच्या शिळावर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी व छिन्न्या निघाल्या आहेत. झाडीचा मुलूख तोडण्याची साधने अशी या मुलखातच जन्मली.

आता मी आपणांस एक गणित घालणार आहे. निवृत्त मास्तराची खोड म्हणून ते सोसावे.

भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये 'लीलावती' रचिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला, आणि तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखाचा काही भाग मराठीत आहे. तेव्हा हे गणित आपल्या घरचेच म्हणावयास हरकत नाही. लीलावतीत क्रकचव्यवहार म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. कापणाऱ्यास मजुरी किती द्यावी, हा तेथील प्रश्न. एक ओंडका बुडाशी वीस अंगुळे जाड, शेंड्याशी सोळा अंगुळे, लांबी शंभर अंगुळे. तो लांबीच्या दिशेने चार ठिकाणी चिरला, तर काम किती झाले?

वीस आणि सोळा यांची सरासरी अठरा. अठरा गुणिले शंभर म्हणजे एका चिरेचे क्षेत्र अठराशे चौरस अंगुळे. चार चिरांचे सात हजार दोनशे. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे. भागाकार करा: साडेबारा हात.

यातील मर्म असे की, आचार्यांनी मजुरी लाकडाच्या वजनावर किंवा आकारमानावर मोजली नाही. करवतीने जेवढा पृष्ठभाग उघडा केला तेवढे काम. घाम जेथे गळला तेथेच त्यांनी माप लावले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अखेरचे मोल कारागिराशी ठरावाने आणि द्रव्याच्या मऊ-कठीणपणावरून ठरवावे, असेही त्यांनी नमूद केले. साडेबारा हात सागाचे आणि साडेबारा हात सावरीचे हे सारखे नव्हेत, ही गोष्ट करवत चालविणाऱ्याच्या खांद्यास ठाऊक असते. ती एका ज्योतिर्विदाने ग्रंथात लिहून ठेवावी, याचे मला फार अगत्य वाटते.

मऊ आणि कठीण हीच करवतीच्या दात्यांची लिपी आहे. लोखंड कापण्याच्या करवतीस एका इंचात अठरा, चोवीस, बत्तीस असे बारीक दाते असतात. कठीण वस्तूत प्रत्येक दात थोडेच खाऊ शकतो. मऊ, भुसभुशीत वस्तूस मोठे दाते आणि त्यांच्यामध्ये मोठी पोकळी लागते, नाहीतर भुसा मावत नाही. लाकूड उभे चिरावयाचे असल्यास दात छिन्नीसारखा सपाट धारेचा घासतात, आडवे कापावयाचे असल्यास सुरीसारखा तिरपा. जुना वाढई कोणाचीही करवत हाती घेऊन, तिचा मालक काय कापतो व कसे कापतो, हे न विचारता सांगू शके.

आणि कोणत्या दिशेने कापतो, हेही. दाते मुठीकडे तोंड करून असले तर ओढताना कापतात, टोकाकडे असले तर ढकलताना. आपल्या देशी करवती ओढून कापणाऱ्या होत्या. जपानात आजही तशाच आहेत. युरोपात मात्र पोलाद स्वस्त व रुंद झाले तशी ढकलून कापण्याची रीत स्थिर झाली. अठराव्या शतकात शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद गाळण्याची कृती सिद्ध केली, आणि त्या नगराच्या रुंद, ताठ पात्यांनी पुढे अर्धे जग व्यापिले. ढकलण्यात शरीराचे वजन कामी येते, पण त्यासाठी उभे राहावयास मेज आणि लाकूड आवळावयास शेगडा लागतो. आपला सुतार जमिनीवर बसे आणि लाकूड पायाच्या बोटांत धरी. बसलेल्या मनुष्यास ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे. विलायती करवतीबरोबर मेज आले, मेजाबरोबर उभे राहणे आले, आणि सुताराच्या पायांचे काम गेले. हत्याराने बसणे-उठणे बदलावे, हे चमत्कारिक असले तरी खरे आहे.

येथे एका म्हणीविषयी बोलण्याचा मोह होतो. करवत जाताही कापते आणि येताही कापते, असे आपण दुहेरी नाडणाऱ्या मनुष्याविषयी म्हणतो. बिचाऱ्या हातकरवतीवर हा अन्याय आहे. ती एकाच दिशेने कापते आणि दुसऱ्या दिशेने नुसती मागे येते. म्हण खरी ठरते ती जंगलात दोघांनी दोन टोकांस धरून ओढावयाच्या आडव्या करवतीच्या बाबतीत. काशीस जाऊन करवत घेणे हा वाक्प्रचार त्याहून भीषण. मोक्षाच्या आशेने करवतीखाली देह देण्याच्या जुन्या समजुतीची ती आठवण आहे.

करवतीचा एक सौम्य संसारही आमच्या भागात आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील कोष्ट्यांची टसर रेशमाची लुगडी करवतकाठी म्हणून प्रसिद्ध आहेत. रानातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून हे रेशीम निघते. मधला अंग टसराचा, काठ सुताचा, आणि जेथे दोन्ही मिळतात तेथे करवतीच्या दात्यांसारखी टोकांची रांग. काठासाठी आणि अंगासाठी वेगवेगळे धोटे चालवून दोन रंग एकमेकांत दात्यांनी अडकविणे हे जिकिरीचे काम आहे. या वस्त्रास अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. करवत तोडते आणि करवतकाठ जोडतो. पण दाते दोन्हीकडे तेच.

असो. झाडीतील करवतीचा खरा धनी म्हणजे आरा. ओंडका उंच घोडीवर चढवावयाचा, गेरूच्या पाण्यात बुडविलेल्या सुताने रेषा मारावयाची, मग एक मनुष्य वर आणि एक खाली. वरचा रेषा राखतो, खालचा ओढतो. आणि खालच्याच्या डोळ्यांत, नाकात, केसांत दिवसभर भुसा. दोघांचा श्वास जुळल्याखेरीज आरा चालत नाही. १८८० नंतर नागपूरहून पूर्वेकडे रेल्वे निघाली, १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि पुढे गोंदियाहून चांद्याकडे अर्जुनीवरून अरुंद मार्ग गेला. रुळांखाली लाकडी स्लीपर हवे होते, नगरांना तुळया हव्या होत्या. रानात आऱ्यांचा आवाज वाढला. मग आरामशीन आली. बंद वळ्याच्या आकाराच्या करवतपट्टीची सनद लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्येच घेतली होती, पण न तुटणारी पट्टी घडविण्याइतके पोलाद सुधारावयास आणखी चार दशके गेली. आरामशीनने आरकशांची जोडी मोडली. जे काम दोन माणसे दिवसभर करीत ते काही मिनिटांत होऊ लागले, आणि रान इतक्या वेगाने सरू लागले की अखेर न्यायालयास मध्ये पडावे लागले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशापासून आरामशीनींच्या परवान्यांवरील नियंत्रण कडक होत गेले. साग मात्र अजून मानाचा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान वाजतगाजत रवाना झाले.

आता केशोरीच्या त्या पांढऱ्या भिंतीकडे परत येऊ.

जिप्सम म्हणजे आपल्या वैद्यांची गोदंती. हा मऊ खनिज दगड. नखाने ओरखडा उठतो. त्याच्या घडणीतच पाणी बांधलेले असते. तो तापविला म्हणजे त्यातील बरेचसे पाणी उडून पांढरी भुकटी होते, आणि त्या भुकटीत पुन्हा पाणी मिसळले की ती घट्ट दगडासारखी बसते. अमेरिकेत व युरोपात घरांच्या आतल्या भिंती पूर्वी अशा करीत: लाकडी चौकटीवर अरुंद पट्ट्या जवळजवळ ठोकावयाच्या आणि त्यांवर ओला गिलावा चढवावयाचा. पाहू गेल्यास हा आपला कूडच. आमच्याकडे बांबूच्या कमच्या विणून त्यांवर शेणमातीचा लेप, त्यांच्याकडे लाकडाच्या पट्ट्यांवर चुन्याचा. दोन्हीकडे खोटी एकच: वाळावयास वेळ लागतो. १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट याने कागद आणि जिप्समचे थर देऊन बनविलेल्या तक्त्याची सनद घेतली. १९०९ मध्ये त्याचा धंदा युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने विकत घेतला, आणि काही वर्षांनी दोन कागदांमध्ये जिप्समचा एकच गाभा असलेला तक्ता तिने शीटरॉक या नावाने बाजारात आणिला. ओला गिलावा नाही म्हणून तिकडे या भिंतीस कोरडी भिंत म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आणि मजुरांचा तुटवडा एकाच वेळी आला, तेव्हा ही कोरडी भिंत अमेरिकेत घरोघर गेली.

या भिंतीस करवत फारशी लागतच नाही, हे त्या तरुणाने मला दाखविले. सरळ कापावयाचे असल्यास वरचा कागद सुरीने चिरावयाचा, तक्ता गुडघ्यावर मोडावयाचा, मागचा कागद कापावयाचा. पापड मोडावा तितके सोपे. करवत हवी ती फक्त मधल्या भोकासाठी, जेथे कडेकडून शिरता येत नाही. सुतारांपुढे हाच प्रश्न दारास कुलूप बसविताना फार पूर्वी आला होता. किल्लीचे भोक कापण्यास त्यांनी अरुंद, निमुळत्या पात्याची करवत केली. पण सागात ती टोचून घुसणार नाही, म्हणून आधी गिरमिटाने छिद्र पाडून मग तिचे टोक आत घालीत. जिप्सम इतका मऊ की गिरमिटाचे कामच उरले नाही. टोकास धार दिली, मूठ सरळ केली, आणि किल्लीभोकाची करवत भिंतीत खुपसण्याची करवत झाली. पाते साधारण सहा इंचांचे, दाते इंचास सहा ते आठ, भरड. कारण जिप्समची पूड दात्यांत पिठासारखी बसते. यांपैकी पुष्कळ करवतींचे दाते दोन्ही अंगांनी घासलेले असतात, म्हणजे त्या ढकलतानाही कापतात आणि ओढतानाही. ज्या म्हणीबद्दल मी मघाशी हातकरवतीची वकिली केली, ती या पोरीने खरी करून दाखविली!

तरुणाने आणखी एक गोष्ट केली तीही सांगण्याजोगी आहे. करवत खुपसण्यापूर्वी त्याने भिंतीमागे विजेची तार कोठून गेली आहे हे दोनदा पाहिले आणि मुख्य खटका बंद केला. लाकडाच्या गाठी जुन्या सुतारास दिसत. या भिंतीच्या गाठी आत लपलेल्या असतात. त्याने तोंडास फडके बांधले होते. आऱ्याखालच्या मनुष्यास भुशाचा जो जाच, तो यास पांढऱ्या धुळीचा.

मग कानस का लागत नाही? जिप्सम मऊ असला तरी अखेर दगड. त्याची पूड पोलादाची धार हळूहळू खाते. धार अधिक टिकावी म्हणून कारखान्यात केवळ दात्यांची टोके विजेच्या उच्च कंपनाने क्षणार्धात लाल तापवून तितक्याच त्वरेने थंड करितात. ती टोके निळसर-काळी दिसतात आणि कानशीपेक्षाही कठीण होतात. कानस त्यांवरून घसरते. साध्या करवतीहून ही कितीतरी अधिक दिवस चालते, यात संशय नाही. पण ज्या दिवशी बोथट होते त्या दिवशी संपते. टिकाऊपणा वाढविला आणि त्याच घावात पुनर्जन्म काढून घेतला. त्या तरुणास मी दोष देत नाही. दिवसाच्या मजुरीपुढे कानशीचा एक तास त्यास परवडत नाही, आणि नवी करवत परवडते. भास्कराचार्यांच्या हिशेबातही मजुरीचाच विचार आहे.

तथापि हिशेबात न धरलेले असे काही आहे. म्हातारबुवांनी मला आपल्या घरी नेऊन वडिलांची करवत दाखविली. तिच्या पात्याची रुंदी मुठीपाशी चार बोटे होती ती मध्ये दोनच बोटे उरली होती. उरलेले पोलाद सत्तर वर्षांत कानशीने खाल्ले होते. तिकोनी कानस मेणकापडात गुंडाळलेली होती. करवत दोन फळ्यांत आवळून, एकाआड एक दात घासून, मग पात्यास डोळा लावून ओळ पाहावयाची, आणि एखादा दात उंच राहिला तर त्यास शेजाऱ्याच्या बरोबरीस आणावयाचे. हे काम ते मुलास शिकवू गेले, पण मुलगा नागपूरला गेला. दाते घासता घासताच मनुष्य लाकूड शिकतो, असे ते म्हणाले: बीजा कसा, हलदू कसा, शिवण कशी, कोणास केवढा दात. करवत फेकून देणारा मनुष्य हे कोठे शिकेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर द्यावयास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी निघालो त्या सकाळी पुन्हा त्या घरी गेलो. भिंतीस रंग लागला होता. तरुण आपले सामान आवरून गेला होता, आणि कचऱ्याच्या ढिगावर एक बोथट झालेली करवत टाकून गेला होता. ती तेथे नव्हती. शोधीत गेलो तो लोहाराच्या भात्यापाशी सापडली. म्हातारबुवांना गुपित कळले होते: कठीण असतात ती केवळ दात्यांची टोके, बाकीचे पाते साधेच पोलाद. लोहाराच्या साणेवर त्यांनी सारे दाते घासून धार सपाट करून टाकिली होती, आणि उन्हात मांडी घालून, पाते दोन फळ्यांत आवळून, तिकोनी कानशीने ते नवे दाते पाडीत बसले होते.

मी वाकून पाहिले. दात्यांची तोंडे मुठीकडे होती.